एफएफ १४ ची लढाई एवढी संथ का वाटते? लान्सर लेव्हल २३, पुढे रेटू की क्लास बदलू?

सह्याद्री_भालेकरी

मंडळी, फायनल फँटसी १४ ची फ्री ट्रायल घेतलीये, एमएमओ (हजारो जण एकत्र खेळतात तसा ऑनलाइन गेम) असा हा पहिलाच, आधी सगळं डोटा आणि व्हॅलोरंट. गोष्ट आवडली, ग्रिडानियाचं ते जंगल आवडलं, संगीत तर एक नंबर. पण लढाईला बसलो की जीव कंटाळतो. एक वार केला की सगळ्या हॉटबारवर (पडद्यावरच्या बटणांच्या पट्टीवर) ते गोल फिरणारं चक्र येतं, अडीच सेकंद, आणि तोवर मी नुसता भाला धरून उभा. ट्रू थ्रस्ट, थांबा, व्हॉर्पल थ्रस्ट, थांबा, परत ट्रू थ्रस्ट. १८ ला डिसएम्बॉवेल मिळालं तेव्हा वाटलं आता रंगेल, पण ते एकदा मारायचं, डॅमेजचा बफ (थोडा वेळ टिकणारी वाढ) लागतो आणि तो संपेपर्यंत परत तीच दोन बटणं. लाइफ सर्ज आहे पण तो ४० सेकंदांनी एकदा.

वर सास्ताशा हे सुरुवातीचं डंजन परत करायला गेलो तर लेव्हल सिंकने (तुमची लेव्हल त्या जागेएवढी करणारा नियम) खाली ओढलं, नंतर मिळालेलं बटण राखाडी. म्हणजे पुढे जाऊन कमावलेलं मागे आलं की काढून घेतात हे काही मला पटलं नाही.

मित्र म्हणतो ७० पर्यंत थांब, मग मजा बघ. पण एवढे तास कंटाळत काढायचे आणि मग मजा, हा काय हिशोब झाला? मला एवढंच कळायला हवंय की हा गेमच असा आहे, का लान्सर असा आहे, का माझी लेव्हल तशी आहे. दुसरा एखादा क्लास सुरुवातीपासून चपळ असेल तर आत्ताच बदलतो. निन्जा वेगवान असतो असं ऐकलंय.

निळं_चिलखत

भावा, निदान ३० पर्यंत तरी बदलू नकोस. मी ड्रॅगूनच (लान्सरचा ३० ला होणारा जॉब) खेळतो आणि तू आत्ता ज्या पट्ट्यात आहेस तो या जॉबचा सगळ्यात कोरडा पट्टा. २६ ला फुल थ्रस्ट येतो, ३० ला लान्स चार्ज आणि जंप, तिथून पुढे हा क्लास बोलायला लागतो.

आधी त्या अडीच सेकंदांचं. ते चक्र म्हणजे जीसीडी, ग्लोबल कूलडाऊन, एक वार झाला की बाकीचे वार तेवढा वेळ बंद. पण सगळीच बटणं बंद होत नाहीत, आणि नवीन माणूस गंडतो ते इथेच. लाइफ सर्ज, पुढे लान्स चार्ज, जंप, ड्रॅगनफायर डाइव्ह, गिअर्सकोगुल, ही सगळी ओजीसीडी, म्हणजे दोन वारांच्या मधल्या फटीत बसवायची बटणं. त्यालाच वीव्हिंग म्हणतात. ती फट मुद्दाम ठेवलेली आहे, फक्त २३ ला तुझ्याकडे तिच्यात टाकायला फारसं काही नाही.

आता ६४ चं चित्र सांगतो म्हणजे कळेल. पाच वारांची एक साखळी, लगेच पाच वारांची दुसरी, दोन्ही मिळून २५ सेकंद. त्यात केऑस थ्रस्ट आणि व्हीलिंग थ्रस्ट बॉसच्या पाठीमागून मारले तर जास्त लागतात, फँग अँड क्लॉ बाजूने. म्हणजे दर काही वारांनी तुला जागा बदलायचीये, आणि बॉस काही तुझ्यासाठी एका जागी उभा राहत नाही. दर मिनिटाला लान्स चार्ज, तो २० सेकंद टिकतो, त्या २० सेकंदांत अडीचच्या हिशोबाने आठ वार बसतात, मग ते आठ वार कुठले असावेत हे तू आधीच्या साखळीतच ठरवलेलं असलं पाहिजे. लाइफ सर्जने पुढचा वार हमखास क्रिटिकल होतो, तो ट्रू थ्रस्टवर घालवला तर फुकट गेला, तो फुल थ्रस्टसाठी राखायचा. दर दोन मिनिटांनी बॅटल लिटनी, ती तुझ्या एकट्याची नाही, सगळ्या पार्टीचा क्रिटिकलचा टक्का १० ने वाढतो, त्यामुळे ती उशिरा लागली की सात जणांचं नुकसान. हे सगळं चालू असताना पायाखाली नारिंगी गोल, शेजारी मार्कर पडलेला माणूस, आणि बॉसची कास्ट बार (त्याचा वार किती तयार झालाय ते दाखवणारी पट्टी) वाचायची ती वेगळीच. त्या वेळी अडीच सेकंद कधी कमी पडायला लागतात ते कळत पण नाही.

डोटातून आलास म्हणून सांगतो, तिथे पण तू सेकंदाला किती क्लिक करतोस याला किंमत नसते ना, ब्लॅक होलसारखा मोठा वार कधी टाकला याला असते. इथे पण तेच बघ, फक्त निर्णय सगळे त्या अडीच सेकंदांच्या ठोक्यावर येतात. ठोका ठरलेला आहे म्हणून आठ जणांचे बफ एका वेळी जुळवता येतात.

एक मात्र तुझं शंभर टक्के बरोबर. १ ते ३० ची बटणं ज्या पद्धतीने वाटलीत ते चुकलंय. हा गेम २०१३ मध्ये अ रिअल्म रिबॉर्न म्हणून नव्याने उभा केला तेव्हा प्लेस्टेशन ३ वर पण चालायचा, कंट्रोलरवर एल२ आणि आर२ दाबून आठ-आठ अशी सोळा बटणं, त्या हिशोबाने अडीच सेकंद मला समजू शकतं. पण जंपसारखी ड्रॅगूनची ओळख असलेली गोष्ट ३० पर्यंत अडवून ठेवायचं काही कारण नव्हतं. लान्सरला १० ला एक साधी उडी दिली असती तरी किती माणसं टिकली असती.

शुभ्रा_व्हाइटमेज

भालेकरी, तू सांगतोयस ते सगळं एकट्याने उघड्या मैदानात मारामारी करण्याबद्दल आहे. त्यावरून या गेमचा वेग ठरवू नकोस. डंजनमध्ये वेग टँक (मार अंगावर घेणारा) ठरवतो आणि तो हीलर (एचपी म्हणजे जीव भरणारा) झेपवतो, भाल्याच्या हातात ते कमीच असतं.

सास्ताशात टँक नवीन असतो, तीन-तीन शत्रू घेऊन हळूहळू जातो, मग मला पण स्टोन मारत बसण्यापलीकडे काम नसतं. पण स्टॉर्मब्लड या एक्सपान्शनमधलं बारडम्स मेटल हे डंजन कर, लेव्हल ६५ चं, ट्रायलमध्येच येतं. पहिल्याच टप्प्यात अनुभवी टँक दिसेल ते सगळं गोळा करत पुढच्या दारापर्यंत धावत सुटतो. मी त्याच्यामागे पळत रीजेन (हळूहळू एचपी भरणारा स्पेल) टाकते, तो थांबला रे थांबला की मध्ये घुसून होली हा स्पेल. होलीने भोवतीचे सगळे शत्रू काही सेकंद बधिर होतात, म्हणजे तेवढा वेळ टँकला मारच नाही. दुसरी होली बधिर करते ती कमी वेळ, तिसरी त्याहून कमी, मग ते बधिर व्हायचेच थांबतात. त्याच क्षणाला टँकने आपला मोठा बचाव लावायला हवा, आधी लावला तर वाया, नंतर लावला तर तो मेला. बेनेडिक्शन एका फटक्यात अख्खी एचपी भरते पण परत यायला तीन मिनिटं, म्हणून ती मी त्याची एचपी अगदी तळाला जाईपर्यंत दाबत नाही. पॅलाडिन असेल तर त्याच्याकडे हॅलोड ग्राउंड असतं, १० सेकंद काहीच लागत नाही, पण ते सात मिनिटांतून एकदा. आम्ही दोघं एक शब्द न टाइप करता हे ठरवत असतो, आणि हा माझ्या मते या गेममधला सगळ्यात सुंदर भाग आहे, कुठल्याही मोठ्या बॉसपेक्षा.

तेव्हा वेग हवा असेल तर मला वाटतं भाला ठेवून टँक कर. ग्लॅडिएटरला पण सुरुवातीला बटणं थोडीच, पण किती शत्रू ओढायचे हे तुझ्या हातात, म्हणजे वेग तुझ्या हातात.

सिंकचं मात्र मी तुझ्याच बाजूने आहे. डॅमेज खाली आणा, बटणं कशाला काढता?

आयर्नफोर्जकर

मी वॉरक्राफ्टवाला, एफएफ बऱ्यापैकी खेळून सोडलाय, म्हणून जरा वेगळं लिहितो, निळं चिलखत दादांनी राग मानू नये.

संथ असणं हा दोष नाही हे मान्य. वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) क्लासिकचा रोग (Rogue, लपून वार करणारा क्लास) घ्या. एनर्जी १००, दर दोन सेकंदांनी २० भरते, सिनिस्टर स्ट्राइकला ४५ लागतात. म्हणजे दोन वार झाले की तुम्ही थांबलात, एफएफपेक्षा पण जास्त थांबलात. पण त्या थांबण्यात जोखीम आहे. किकला २५ एनर्जी लागते, समोरच्या जादूगाराचा स्पेल तोडायला. लोभाने सगळी एनर्जी वारांवर उडवली आणि नेमका तेव्हा त्याने हील सुरू केला की तुम्ही हात चोळत बघत बसता, कारण पुढचा टिक यायला अजून सेकंद आहे. म्हणून चांगला रोग २५ शिल्लक ठेवून खेळतो, पडद्यावर तो काहीच करत नाहीये असं दिसतं, प्रत्यक्षात तो दबा धरून बसलेला असतो. प्रीस्टचं पण तसंच, माना (जादूची शक्ती) खर्चून स्पेल टाकला की पुढची पाच सेकंद स्पिरिटमुळे भरणारा माना बंद, त्यामुळे हील न टाकणं हे पण एक बटण होतं. मेजने एकाला मेंढी केलं, हंटरने एकाला सापळ्यात गोठवलं, मग उरलेल्या दोघांना मारायचं, आणि कोणाचा तरी चुकून फटका लागला की मेंढी परत माणूस. त्या वेगात माणसाला विचार करायला वेळ मिळायचा आणि विचार करायची गरज पण होती.

वॉवनेच उलटं करून दाखवलं २०१८ मध्ये. बॅटल फॉर अझरोथ आलं तेव्हा आधी जीसीडीबाहेर असलेली बरीच मोठी कूलडाऊन्स त्यांनी जीसीडीवर टाकली. तोच दीड सेकंद, तेच क्लास, पण बफ लावायचा आणि मग दीड सेकंद त्याच बफकडे बघत उभं राहायचं. लोक इतके भडकले की काही बटणं पुढे मागे घ्यावी लागली. तिथे संथपणा आला पण त्याबरोबर निर्णय काही आला नाही, म्हणून तो टोचला.

आता एफएफबद्दल. दादांनी ६४ चं चित्र छान रंगवलं, पण ते चित्र दर वेळी तेच असतं. डिसेंबर २०२१ मध्ये एंडवॉकर हे एक्सपान्शन आलं आणि जवळपास सगळ्या जॉबची मोठी बटणं दोन मिनिटांच्या चक्रावर आणून ठेवली. निन्जाचा ट्रिक अटॅक आधी दर मिनिटाला सगळ्या पार्टीला फायदा द्यायचा, तो फायदा उचलून मग (Mug) नावाच्या बटणावर टाकला आणि केला दोन मिनिटांचा. जुळवायला सोपं झालं, कबूल, पण आता आठही जण एकाच वेळी श्वास घेतात आणि एकाच वेळी सोडतात, मधला दीड मिनिट भरणा. ब्लॅक मेज एवढा एकच होता जो स्वतःच्या घड्याळावर चालायचा, आग विझायच्या आत पुढची फायर टाकायची ती धास्ती, तर ७.२ या अपडेटमध्ये ती आगीची मुदत पण काढून टाकली आणि फायर फोर या स्पेलचा कास्ट वेळ कमी केला. नवीन माणसाला सोपं, पण क्लास निवडण्यात जो अर्थ होता तो पातळ झाला.

म्हणून भालेकरी, तुझा कंटाळा फक्त लेव्हल २३ चा आहे असं मी म्हणणार नाही.

सह्याद्री_भालेकरी

बापरे, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ती फट आणि ओजीसीडीची गोष्ट गेमने मला कुठेच सांगितली नव्हती. एक विचारायचं राहिलं, मी पुण्यातून जपानच्या सर्व्हरवर खेळतो, पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद असं हेलकावे खातं. नारिंगी गोलातून बाहेर पडलोय हे स्पष्ट दिसत असतं तरी मार बसतो. मग ते वीव्हिंग वगैरे आपल्याला जमणारं आहे का? आणि निन्जा?

पंचवटी_शुरिकेन

जमतं, पण गणित समजून घे. मी नाशिकहून खेळतो, निन्जाच.

कुठलंही बटण दाबलं की साधारण ०.६ सेकंद दुसरं काही दाबता येत नाही, त्याला ॲनिमेशन लॉक म्हणतात. गोची अशी की ते लॉक सर्व्हरचं उत्तर आल्यावर लागतं, त्यामुळे तुझं पिंग त्यात मिळवायचं. दीडशेला झालं ०.७५. एक वार अधिक दोन ओजीसीडी म्हणजे तीन लॉक, २.२५ सेकंद, अडीचमध्ये आरामात बसतं. अडीचशेला तेच ०.८५ त्रिक २.५५, म्हणजे पुढचा वार दर वेळी थोडा उशिरा, यालाच क्लिपिंग म्हणतात. तेव्हा तुझं पिंग वर असेल त्या दिवशी एका फटीत एकच ओजीसीडी टाक, ड्रॅगूनला तेवढ्याने फार काही बिघडत नाही. जंपचं लॉक बाकीच्यांपेक्षा जरा मोठं आहे, ती कायम एकटीच टाकायची.

निन्जाचा जीसीडीच २.१ च्या आसपास. वरचा २.२५ त्यात बसतो का बघ. नाही बसत. वर मुद्रा, तेन, ची, जिन, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकापाठोपाठ दाबायच्या. तेन मग ची केलं की रायटन, वीज पडते. पिंग हेलकावे खात असताना एक मुद्रा दोनदा गेली किंवा क्रम हुकला की वीज पडायच्या ऐवजी डोक्यावर ससा येऊन बसतो, तो वार गेला आणि मुद्रेचं कूलडाऊन पण गेलं. मला निन्जा जिवापाड आवडतो म्हणून मी वायफाय सोडून लॅनची केबल ओढली, कारण दोनशे स्थिर असलं तर हाताला सवय होते, पण दीडशे-अडीचशे असं नाचत असलं तर सवयच लागत नाही. तुझं पण आधी केबलने करून बघ.

आता नारिंगी गोल. मार बसणार का नाही हे कास्ट बार संपते त्या क्षणी ठरतं, आगीचा लोळ पडद्यावर नंतर दिसतो. म्हणजे लोळ पडताना तू बाहेर होतास हे खरंय, पण बार संपला तेव्हा सर्व्हरच्या लेखी तू आतच होतास. त्यामुळे गोल बघून पळू नकोस, बॉसची कास्ट बार बघून पळ आणि ती भरायच्या आधीच बाहेर पड. ३४ ला टायटन येईल, त्याचा लँडस्लाइड लागला की थेट कड्यावरून खाली, तिथे हे अंगात भिनलेलं बरं. याचाच उलटा फायदा पण आहे, एकदा बार संपला की लोळ दिसत असताना त्यातून चालत परत वार करायला जाता येतं.

लॉक कमी करून देणारी बाहेरची टूल्स कोणी सुचवली तर घेऊ नकोस, गेमच्या नियमात ती बसत नाहीत.

आणि दुसरा जॉब हवाच असेल तर ५० ला रेड मेज उघड, फ्री ट्रायलमध्ये मिळतो, ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टॉर्मब्लड ट्रायलमध्ये आलं तेव्हापासून. एक स्पेल कास्ट केला की पुढचा फुकट झटपट जातो, त्या झटपटच्या मागे वीव्ह करायला भरपूर जागा, म्हणून जास्त पिंगला सोयीचा. दोन्ही माना ५० झाले की तलवार घेऊन आत उडी, पहिले दोन वार दीड-दीड सेकंदाचे, मग परत मागे. ज्या बदलत्या वेगाची तुला भूक आहे ती इथे सगळ्यात आधी भागेल असं मला वाटतं.

टिकटिक_६००

फक्त एक भर. पिंगचा फारच वैताग आला तर ओल्ड स्कूल रुनस्केप बघ, तिथे सगळं ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतं, त्यामुळे दोनशे पिंगला पण तू टिकच्या आत असतोस. ॲबिसल व्हिप चार टिकांनी फिरतो, म्हणजे २.४ सेकंद, जवळपास तुझ्या भाल्याएवढाच. तरी जाड (Jad) नावाच्या बॉससमोर उभा राहिलास की तो पाय उचलतोय का मागे कलतोय एवढं बघून त्या फटीत प्रेयर (त्या वारापासून वाचवणारं कवच) बदलायची असते आणि घाम फुटतो. मोबाइलवर पण चालतो, लोकलमध्ये खेळता येतो.

निळं_चिलखत

आयर्नफोर्जकर, राग कसला. दोन मिनिटांच्या चक्राबद्दल तुमचं बरंचसं पटतं, फक्त भरणा म्हणालात ते नाही. तो दीड मिनिट बॉस भरतो. आमच्या बटणांचा क्रम ठरलेला असतो म्हणूनच तो बॉस तो क्रम मोडायला काय काय करतो यावर सगळी लढाई रचलेली असते, चांगल्या फाइटमध्ये बफची वेळ आणि पार्टीला पांगायला लावणारी वेळ मुद्दाम एकत्र आणतात. ब्लॅक मेजचं मात्र मला पण दुःख आहे.

भालेकरी, तू आता एवढं कर. मेन स्टोरी मागे ठेवू नकोस, कारण ३० झाल्याने आपोआप ड्रॅगून होत नाही, सिल्फ मॅनेजमेंट नावाची मेन स्टोरीची क्वेस्ट पूर्ण हवी आणि लान्सर गिल्डच्या क्वेस्ट पण. त्या झाल्या की सोल क्रिस्टल (जॉब देणारा दगड), आणि त्याच्याबरोबर जंप. तोवर २६ ला फुल थ्रस्ट आला की लाइफ सर्जचं बटण हॉटबारवर त्याच्या शेजारी आणून ठेव, व्हॉर्पल पडला की सर्ज, मग फुल थ्रस्ट, आणि पुढचं बटण चक्र संपायच्या अर्धा सेकंद आधीच दाबायला लाग, गेम ते रांगेत घेतो. आत्ता बहुतेक तू चक्र पूर्ण संपल्यावर दाबत असशील, त्यात दर वारामागे थोडा थोडा वेळ जातो. ३५ ला एल्युसिव्ह जंप येईल, ती मागच्या दिशेला लांब फेकते, टायटनच्या कड्याजवळ दाबण्याआधी पाठीमागे काय आहे ते बघून घे.